मांयचं साधं औषध

माझ्या सासूचा, मांयचा, लघवीचा जंतुसंसर्ग रक्तात गेला. आमच्या पार्से गावाहून तिला इस्पितळात नेईपर्यंत ती भलतंसलतं बडबडायला लागली होती. अतिदक्षता विभागात आधी तिला दोन जबर अँटिबायोटिक एकदम चालू केली. मग तपासणीत जंतू कोणता ते कळलं, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ती दोन्ही थांबवून एक साधं इंजेक्शन लावलं. ताप उतरत गेला. मांय मला ओळखायला लागली, पेज मागायला लागली.

तेवढ्यात साखळीहून थोरले दीर आले. खाणीवर त्यांचे ट्रक चालायचे, आणि माणसांशीही ते ड्रायव्हरांशी बोलावं तसंच बोलायचे.

“म्हातारी म्हणून नुसतं पाणी टोचता काय?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तो जंतू ह्याच औषधानं मरतोय. गरज नसताना जबर औषधं चालू ठेवली तर त्यांचं पोट नासेल, मूत्रपिंडं जातील.”

“काल शिकून आलीस आणि मला शिकवतेस?”

मी म्हटलं, “भाऊजी, मांय सुधारतेय हो.”

“तू गप. तिचं हगणं-मुतणं काढायला नको, म्हणून ती मेलेली बरी तुला.”

माझा नवरा बाजूलाच उभा होता. त्यानं खिडकीबाहेर बघितलं.

मांय खाटेवरून पुटपुटली, “बाबा, म्हाका हांगाच बरें.” तिला इथंच राहायचं होतं. दीर तिच्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

त्याच दिवशी, डॉक्टरांचा सल्ला धुडकावल्याची सही करून, त्यांनी तिला खाजगी इस्पितळात हलवलं. तिथं सांगितलं, “असतील तेवढी जबर औषधं द्या.” तिथल्यांनी दिली. काही दिवसांत मांयला जुलाब लागले, थांबेचनात. कातडी सोलवटली. चादर बदलताना ती माझा हात ढकलायची, “बघू नको गे, बघू नको.” पोटातले चांगले जंतू औषधांनी मेले आणि वाईट माजले, असं तिथल्या डॉक्टरांनी मी विचारल्यावर सांगितलं, तेही मोबाइलवरून नजर न काढता. मग मूत्रपिंडं बंद पडली. ती गेली तेव्हा तिच्या अंगाखालची चादर ओलीच होती.

तेराव्याला पंगतीत दीर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मी नेली, पण उशीर झाला. हिनं तिला साध्या औषधावर ठेवली होती.”

मी भात वाढत होते. शेजारीण माझ्या नवऱ्याला म्हणाली, “खरं काय रे?”

त्यानं कालवलेला घास तोंडात घातला, गिळला आणि म्हणाला, “दादा सांगतो तसंच.”