माहेरची मतं

आमचे हे आमदारकीला उभे राहणार म्हटल्यावर मला आधी हसूच आलं. मॅट्रिकला दोनदा आपटलेला माणूस, पण अक्षर मोत्यासारखं. भंडाऱ्याच्या तहसील कचेरीसमोर बसून गावच्या लोकांचे अर्ज फुकट लिहून द्यायचे. त्याच अक्षरावर आधी सरपंच झाले, मग पंचायत समितीचे सभापती. करडीकडची एसटी गावात आणली, दोन विहिरी खोदवल्या. आणि घरचं पाणी? ते मीच डोक्यावरून आणायची. बोलले तर म्हणत, "आधी गाव, मंग घर." बरं बाप्पा, राहा मग गावाच्याच घरी!

पक्षानं तिकीट दिलं नाही, म्हणून ऐंशीनंतरच्या त्या निवडणुकीत हे अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं शिडी. मी म्हटलं, "शिडी भेटली, आता भिंत पाहा कुठं हाय ते." हे हसले नाहीत. गावोगावची मतं बोटांवर मोजत होते आणि दर वेळी एकाच मोठ्या गावापाशी अडत होते. ते गाव माझं माहेर.

अडायला कारण होतं. आठ-दहा वर्षांमागे, हे सरपंच असताना, धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपली आणि पाऊस असा धरून बसला की आमचा तलाव काठोकाठ भरला. तलावाची पाळ, म्हणजे बांध, गावावरच फुटणार, असं दिसायला लागलं. ह्यांनी भरदुपारी माणसं लावली आणि पलीकडच्या टोकाला पाळ फोडून पाणी काढून दिलं. आमचं गाव वाचलं. पाणी गेलं ते सरळ खाली, माझ्या माहेरच्या शेतांत. धाकट्या भावाच्या धानाच्या बांध्या रेतीखाली गडप झाल्या. खाली कोणी निरोपसुद्धा धाडला नाही. पाळ फोडणाऱ्यांना चहा मी केला होता. एका पोराला सायकलवर पिटाळायचं मला सुचू नये? सुचलं नाही, खरंच नाही सुचलं. त्या दिवाळीला भाऊ मला न्यायला आला नाही. पुढेही आला नाही. ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं, थोरली बहीण म्हणून जो मला 'बाई, बाई' करायचा, तो मला विसरला. फार लागलं ते मला.

मतदानाला चार दिवस राहिले, तेव्हा हे म्हणाले, "तू जाऊन ये. तुह्या भावाच्या शब्दाबाहेर ते गाव नाई. एवढं केलं तर आपण पार."

गेले. एसटीतून उतरून पायी. भाऊ खळ्यावर लाखोरी झोडपत होता. केस पिकलेले. माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा झोडपायला लागला. वहिनीनं पायावर पाणी घातलं. मग तो आला, दूर बसला.

"काहून आली बाई? मत मांगाले?"

सगळं पाठ करून आले होते मी. पण त्याचे हात दिसले. पाच उन्हाळे रेती उपसली होती त्यानं त्या हातांनी, वहिनी सांगत होती.

"नाई," मी म्हटलं, "तुले पाहाले आली. तवा मी निरोप धाडाले पाह्यजे होता रे."

"पाह्यजे होता," तो म्हणाला. मग उठला आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला, "अजी, माही बाई आली! मतासाठी नाई आली, मले भेटाले आली!" वहिनीनं लाखोरीच्या डाळीचे वडे तळले. मी रडत रडत सहा खाल्ले. आता मत कोणत्या तोंडानं मागणार?

घरी ह्यांनी विचारलं, "बोलली का?" मी मान डोलावली. देवाशपथ, एवढंच केलं.

हे पडले. फार थोडक्यात पडले. माहेरच्या गावात शिडीवर मोजके शिक्के पडले होते.

त्या दिवाळीला भाऊ मला न्यायला आला. वाटेत म्हणाला, "बाई, त्या दिवशी तू एक शब्द टाकला असता ना, तर अख्खं गाव देलं असतं."

"मेल्या, मंग तवाच काहून नाई बोलला?"

"तू मांगितलंच कुठं? आन् तू मतासाठी नाई आली, यातच मी खूश होतो."

ह्यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहीत राहिले, शेवटपर्यंत. पण दर दिवाळीला भाऊ दारात दिसला की तोंड फिरवायचे आणि तो गेल्यावर मला म्हणायचे, "तुह्या भावानंच पाडलं मले."

भाऊ कधी उलटून बोलला नाही. मीही नाही. ह्यांना मी पाडलं होतं, आणि ते न कळताच हे गेले.