युसुफभाईंनी दाबलेला आकडा

युसुफभाई गेल्याचं कार्ड अकोल्याहून आलं, तेव्हा मी अमरावतीत शाळेला निघण्याच्या घाईत होतो. त्यांच्या मुलीनं, शकीलानं, दोनच ओळी लिहिल्या होत्या. दफन होऊन चार दिवस झाले होते... सायकल भिंतीला टेकवून मी ओट्यावर बसून राहिलो.

मास्तरकीच्या आधी मी अकोल्याच्या एका तेल कारखान्यात केमिस्ट होतो. तेल तापवण्याच्या टाक्यांवर तिथं नवंच एक परदेशी यंत्र बसवलं होतं. त्याला आकड्यांची बटणं होती आणि वर काचेची छोटी खिडकी. हवं ते तापमान बटणांनी दाबायचं, आकडा खिडकीत उमटला की दांडा ओढायचा. तेल तेवढं तापलं की वाफ आपोआप बंद होई. ते चालवणाऱ्या युसुफभाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण ते यंत्र त्यांच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं. धोतराच्या जुन्या तुकड्यानं ते बटणं पुसत आणि मला म्हणत, "याले जे सांगसान तेच हे करते, साहेब. आपली अक्कल नाही लावत."

एका दुपारी दोन टाक्यांच्या दोन चिठ्ठ्या माझ्या हातात होत्या. पहिल्या टाकीला एकशे दहा द्यायचं, मी दुसरी चिठ्ठी वाचून एकशे सत्तर सांगितलं. युसुफभाईंचं बोट क्षणभर थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दाबलं. तासाभरात तेल करपलं, झाकणाच्या कडेनं उसळलं आणि त्यांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. मालकांनी विचारलं, "आकडा कोणी दाबला?" हाताला पट्टी बांधलेले युसुफभाई म्हणाले, "म्या दाबला." मी शेजारीच उभा होतो. नोकरी कच्ची होती, लग्न नुकतंच झालेलं. मी बोललो नाही.

त्यांना यंत्रावरून काढून गोदामात पोती शिवायला बसवलं. डाव्या हाताची दोन बोटं पुढे कधी वळलीच नाहीत. महिनाभरानं धीर करून मी विचारलं, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?" सुई ओढत ते म्हणाले, "खिडकीत आकडा मले दिसून रायला होता ना. मंग म्या काहून नाही इचारलं?" थोड्या वेळानं म्हणाले, "साहेबाले कसं इचाराव, असं वाटलं..." त्याच वर्षी मी नोकरी सोडली. मालकांना मात्र तेव्हाही काही सांगितलं नाही.

परवा अकोल्याला गेलो. शकीला आता उर्दू शाळेत शिकवते. दारातच मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "अब्बांनी आकडा चुकला एवढंच सांगितलं होतं. हे अम्मीला तुम्हीच सांगा."

शकीलाच्या अम्मी आतल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. मी जमिनीवर बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी खाटेच्या रिकाम्या बाजूकडे पाहत म्हणाल्या, "इतके साल मी त्याइले बोलून रायली, का काम करताना तुमचं ध्यान कुठं असते... एकदा तं सांगाचं होतं."

हे शेवटचं त्या मला म्हणाल्या की युसुफभाईंना, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.