बोट लावलं आणि गाणं हललंच नाही

त्यांना सगळे बोटवाले म्हणत. दर रविवारी दुपारी शिवणकारखान्याच्या सभागृहात तिथल्या शिवणकारणींसाठी नाचाची गाणी लावायचे, एक नाही दोन नाही, एकतीस वर्षं! एक गाणं संपायच्या आत दुसरं असं मिसळायचे की नाचणारीचं पाऊल थांबायलाच नको. त्यासाठी दुसऱ्या तबकडीच्या कडेला बोट लावायचं. गाणं घाईत असलं तर किंचित रोखायचं, रेंगाळत असलं तर पुढे सारायचं. बास, एवढंच! आता हे एवढंच कुणीतरी करून दाखवावं, म्हणजे कळेल.

लेकही याच धंद्यातली, पण तिचा सगळा कारभार लॅपटॉपवर. बटण दाबलं की दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळतात. बाबा नाक मुरडायचे.

"अगं, मग तू तिथे उभी कशाला राहतेस?"

"लोकांना बघायला कुणीतरी लागतं ना, बाबा!"

मग दोघंही पोट धरून हसायचे.

यंदा मात्र बाबांचा उजवा कान गेला. पुढचं गाणं ते हेडफोन लावून त्याच कानाने ऐकायचे, सभागृहात चालू असलेलं डाव्या. दोन रविवार ठोके घसरले, नाचणाऱ्या एकमेकींच्या पायांवर पाय द्यायला लागल्या. सभागृहाच्या व्यवस्थापकीणबाई म्हणाल्या, "आणखी एक रविवार बघू. नाहीतर दुसरं कुणीतरी शोधावं लागेल." त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

लेकीचा जीव तुटला. तिने बाबांची सगळी गाणी लॅपटॉपवर उतरवली आणि त्यांना वेगळ्या तबकड्या आणून दिल्या. यांच्यावर गाणं नसतं, नुसती खूण असते. तबकडी फिरवाल तसं लॅपटॉपमधलं गाणं चालतं. "तबकड्यांच्या पेट्या उचलून कंबर मोडतेय तुमची," असं म्हणून तिने पटवलं. घरी सरावही करून घेतला. आणि रविवारी बाबांच्या नकळत ठोके जुळवणारं ते बटण चालू करून ठेवलं.

सभागृह भरलं. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. ठोक्यावर ठोका असा बसला की व्यवस्थापकीणबाई दारात उभ्या राहून मान डोलावू लागल्या. लेकीच्या जिवात जीव आला.

चौथ्या गाण्याला बाबांनी बोट लावलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी तबकडी मुद्दाम दाबली, चांगली जोरात. गाणं आपल्या ठोक्यावरून जराही हललं नाही.

"कोण वाजवतंय हे?"

लेकीची बोबडी वळली. "बाबा, ते... तुमचं काम जाऊ नये म्हणून..."

"बंद कर."

"अहो, पण घसरलं तर?"

"घसरू दे! बंद कर म्हणतो ना!"

तिने बटण बंद केलं. बाबांनी हेडफोन डाव्या, चांगल्या कानाला लावला. आता सभागृहातलं गाणं कशाने ऐकायचं? त्यांनी सरळ स्पीकरच्या पाठीवर तळहात टेकवला. जन्मभर विजेच्या मोटारी दुरुस्त केलेला माणूस, धडधड हाताला कळायचीच. एक बोट तबकडीवर, एक हात स्पीकरवर. दोन ठोके अडखळलेच.

"काय बोटवाले, डुलकी लागली का?" एक शिवणकारीण ओरडली. सगळ्या खिदळल्या. तेवढ्यात बाबांनी गाणं पुढे सारलं आणि ते असं बसलं की खिदळणाऱ्याच गिरक्या घ्यायला लागल्या. पुढे दोन तास कुणी खुर्चीला पाठ टेकवली असेल तर शपथ!

शेवटी व्यवस्थापकीणबाई आल्या. "सुरुवात तर अगदी झकास! मध्ये काय झालं, मशीन अडलं का?"

लेक हो म्हणणारच होती. बाबांनी तिला हातानेच थांबवलं.

"बाई, ती झकास सुरुवात मशीनची. अडखळलं तिथून पुढचं सगळं माझं."

असं छाती काढून कुणी आपली चूक सांगितल्याचं लेकीने कधी ऐकलं नव्हतं. अभिमानाने तिला रडूच फुटलं.

बाई म्हणाल्या, "मग पुढच्या रविवारी सुरुवातीपासून तुम्हीच वाजवा."