परसों म्हणजे कधी?

हैदराबादेत कॉम्प्युटरच्या नोकऱ्या निघू लागल्या तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. अमीरपेठेत कोर्स केला आणि सिकंदराबादच्या एका लहान कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागले.

दवाखान्यातल्या नोंदणीचा प्रोग्रॅम आमच्याकडे तयार होत होता. माझी स्क्रिप्ट त्यात साठ बनावट रुग्ण आपोआप भरायची, मग डेटाबेसमधलं टेबल उघडून एकेक ओळ आमच्या यादीशी ताडायची. जुळली तर हिरवी, नाही तर लाल. ही यादी, त्यातली वयंसुद्धा, शेजारी बसणाऱ्या मुलीनं हातानं केली होती. ती जुन्या शहरातली. वयानं लहान, नोकरीत मला सीनियर.

माझी मुदत जूनमध्ये संपत होती. त्याच आठवड्यात स्क्रिप्ट पहिल्यांदा पूर्ण चालवली, तर पंचवीस ओळी लाल आल्या. साहेबांना चार वाजता निकाल हवा होता. नसलेली चूक दाखवली तर नोकरी गेली, असलेली सुटली तरी गेली, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

लाल ओळी उघडल्या. नाव, पत्ता, रक्तगट बरोबर. वय तेवढं चुकलेलं, तेही प्रत्येक वेळी यादीपेक्षा नेमकं एक वर्ष जास्त. प्रोग्रॅम जन्मतारखेवरून वय काढायचा. ते काढण्यातच गफलत असती तर साठही ओळी लाल व्हायला हव्या होत्या. मग पंचवीसच का?

"यादी कधी केलीस गं?"

"परसोंइच तो बनाई, आपा."

म्हणजे परवा. पण दोन दिवसांत पंचवीस जणांचे वाढदिवस कसे येतील? मी साठही जन्मतारखा महिन्याच्या क्रमानं लावल्या. लाल ओळी सलग आल्या: पहिला वाढदिवस जानेवारीच्या अखेरीचा, शेवटचा कालचा. मध्ये एकही हिरवी नाही, बाहेर एकही लाल नाही.

"ही यादी जानेवारीतली आहे."

"हौ. वोइच तो बोली, परसों."

"जानेवारी म्हणजे परसों?"

"गया सो दिन परसोंइच होता ना, आपा! तुमारी मराठी में परवा बोले तो गया सो कि आने वाला?"

मला कबूल करावं लागलं: दोन्ही.

चारला कागद दिला: प्रोग्रॅमच्या चुका शून्य, यादीच्या पंचवीस, यापुढे यादी ज्या तारखेची, तीच तारीख 'आज' म्हणून स्क्रिप्टमध्ये घालावी.

साहेब पुण्याचे. "यादी जुनी आहे, हे कशावरून?"

"वाढदिवसांवरून."

त्यांनी बोट ठेवून तारखा वाचल्या, वरून खाली आणि परत वर.

"बरं. सोमवारी कायमचं पत्र घेऊन जा. आणि ती यादी नीट करा, परवापर्यंत."

शेजारीण तोंडाला ओढणी लावून हसायला लागली.

"तारीख सांगा," मी म्हणाले.