उशाशी ठेवलेली बाटली

इडलीचं पीठ जास्त आंबलं की मला पिंपरीतला तो माणूस आठवतो. तेव्हा मी तिथल्या एका इस्पितळात तान्ह्या बाळांच्या खोलीत नर्स होते. तो पेनिसिलीनच्या कारखान्यात कामाला होता आणि शिफ्ट सुटली की तसाच यायचा. कपड्यांना तिथल्या आंबवणाच्या टाक्यांचा आंबूस वास असायचा. त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीच्या रक्तात जंतू शिरले होते आणि पेनिसिलीन देऊनही ती दूध ओढत नव्हती. त्याला वाटलं, आमच्याकडचं औषधच जुनं असणार. म्हणून दुकानं पालथी घालून, बॅचचा नंबर बघून, त्यानं कारखान्यातल्या स्वतःच्याच खात्यात भरलेली बाटली विकत आणली. "डॉक्टर, ही माझ्या हातची हाय, ही द्या." डॉक्टरांनी ती नीट निरखून पाहिली. "औषध तुमचं चोख आहे हो, पण हे जंतू आता त्याला भीक घालत नाहीत. दुसरं पुण्याहून मागवलंय." त्यानं बाटली परत घेऊन माझ्यापुढे धरली. "मग सिस्टर, नुसती उशाशी तरी ठिवा." मी बाटली स्पिरिटनं पुसून, अंगाऱ्याची पुडी ठेवावी तशी, न उघडताच पाळण्यात ठेवली. दुसऱ्या औषधानं हळूहळू पोरगी दूध ओढू लागली. घरी जाताना तिची आई सगळ्यांना सांगत सुटली, "बापाच्या हातच्या औषधानं वाचली!" तो ओशाळून डॉक्टरांकडे बघू लागला, तर डॉक्टर म्हणाले, "खरंय बाई." पीठ आंबलं की घरचे आजही नाक मुरडतात, मी मात्र झाकण लगेच लावत नाही.