आमच्या नळाचा खड्डा

मी मुळात भित्री. पालीला भ्यायले, विजेला भ्यायले, सासूला तर भ्यायलेच. पण त्या उन्हाळ्यात मी तहानेला जेवढी भ्यायले तेवढी आयुष्यात कशालाच भ्यायले नाही. मला सातवा महिना लागला होता, नवतपा, म्हणजे मे अखेरचे होरपळवणारे नऊ दिवस, सुरू होता, आणि नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत कावीळ आली होती. पाणी प्यावं तर भीती, न प्यावं तर जीव कासावीस. ऐंशी सालाच्या आसपासची ही गोष्ट.

आमच्याकडे कन्हान नदीचं पाणी यायचं. नवराही कन्हानलाच कोळशाच्या खाणीत कामाला होता आणि रविवारी घरी यायचा. आल्याबरोबर सांगायचा, नदी आटून राहिली, नुसती रेती दिसते. नदी आटली की इकडे गल्लीत नळाची धार करंगळीएवढी व्हायची आणि मग दोऱ्याएवढी. अशा वेळी ज्याचा नळ खाली त्याला पाणी आधी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून एकानं आपला नळ कापून गुडघ्याएवढा केला, दुसऱ्यानं जमिनीला टेकवला, आणि तिसऱ्यानं खड्डा खणून त्यात उतरवला. आमच्या सासूबाईंनी गवंडी लावून गल्लीतला सगळ्यात खोल खड्डा करून घेतला. आत उतरायला दगडी पायऱ्यासुद्धा बसवल्या. त्यांना त्या खड्ड्याचा एवढा अभिमान की पाहुणा आला तर आधी खड्डा दाखवायच्या, मग सून.

खड्ड्यात बादली नीट बसत नसे म्हणून नळाला हातभर रबरी पाइप लावलेला होता. तोटी आम्ही कधीच बंद करत नव्हतो. सकाळी पाणी किती वाजता येईल याचा नेम नव्हता. ते आलं की पाइप खड्ड्यात फुरफुरायचा आणि सासूबाई आहे तिथून पळायच्या. एरवी पाइपाचं तोंड खड्ड्याच्या तळाशी पडलेलं असायचं. तळाशी नेहमीच थोडं राखाडी पाणी साचलेलं राहायचं. एका बाजूला आमची मोरी होती आणि भिंतीपलीकडे नाली होती, तेव्हा ते कुठून झिरपायचं हे विचारायची गरज नव्हती. पण आपलं पाणी नळातून येतं, खड्ड्यातून नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. पाइप फुरफुरला की पहिल्या धारेनं प्यायचा माठ भरायचा, असा सासूबाईंचा नेम. पहिलं पाणी ताजं, म्हणायच्या.

शेजारच्या घरात सासू, मुलगा आणि सून अशी तीनच माणसं. ती सून माझ्यापेक्षा महिन्यानं पुढे होती. आमच्या दोन अंगणांच्या मधे खांद्याएवढी भिंत होती. त्या भिंतीवरून आम्ही चिंच, कैरी, मुरमुरे आणि आपापल्या सासवांच्या तक्रारी एकमेकींना द्यायचो. मे महिन्यात तिला उलट्या सुरू झाल्या. सगळ्या म्हणाल्या, पोटुशी आहे, होणारच. मग एका सकाळी भिंतीवरून कैरीची फोड घेताना ती उन्हाकडे वळली आणि मला तिचे डोळे दिसले. हळदीचा हात लागावा तसे पिवळे होते ते. मी कैरी तिच्या हातात दिली आणि घरात निघून आले.

घरच्यांनी तिला आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यानं चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुतले, पाणी पिवळं झालं, आणि कावीळ निघाली असं सांगितलं. तिचे डोळे मात्र तसेच राहिले. मग सरकारी दवाखान्यात भरती केलं. तिथल्या डॉक्टरनं सासूला विचारलं, पाणी उकळून देता का? हा आजार घाण पाण्यातून येतो आणि पोटुशी बाईला तो सोडत नाही, असं त्यानं स्पष्टच सांगितलं. त्या माऊलीनं मग उरलेले दिवस पाणी उकळलं, गार केलं आणि तांब्या घेऊन भर उन्हात दवाखान्याच्या फेऱ्या केल्या. सून परत आली नाही. बाळही नाही.

मला तिचं तोंड पाहू दिलं नाही. पोटुशीनं पाहू नये म्हणतात. सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बसवलं, पदराला बिबा बांधला आणि दार लोटून घेतलं. भिंतीपलीकडचं रडणं दाराला थोडंच अडतं? मी पोटाला दोन्ही हातांनी धरून बसले होते. गरोदरपणी गेलेली बाई दुसऱ्या गरोदर बाईला ओढते, असं गल्लीत लोक कुजबुजत होते. मला तिची भीती वाटली नाही. ती बिचारी मला काय ओढणार! मला भीती वाटली कोपऱ्यातल्या माठाची. आम्ही दोघी एकाच नदीचं पाणी गल्लीतल्या एकाच पाइपातून पीत होतो.

तेव्हापासून सकाळी उठले की मी आरसा घेऊन खिडकीत जायची आणि खालची पापणी ओढून डोळा पाहायची. दिवसातून किती वेळा, ते विचारू नका. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं झालं होतं. ऊन तिरपं पडलं की मला डोळे पिवळेच दिसायचे. पाणी मी टाळू लागले. चहा उकळलेला असतो म्हणून चहाच पीत सुटले. शेवटी सासूबाई चिडल्या.

"काहून वं, दिवसभर चहाच ढोसून राहिली? लेकरू काळं होईन!"

"आई, आपण पाणी उकळू ना. तिच्या डॉक्टरनं सांगितलं हाये."

"उकळलेलं पाणी बिमाराले देतात," त्या म्हणाल्या. "धडधाकट माणसानं पेलं तं दुखणं घरी येते. अशुभ नको बोलू."

मी एकदा गुपचूप स्टोव्हवर पातेलं ठेवलं, तर त्यांनी ते मोरीत ओतून दिलं आणि रॉकेलवरून वेगळं ऐकवलं. त्या वाईट नव्हत्या. घाबरलेल्या होत्या, माझ्यासारख्याच. फक्त त्यांची भीती अशुभाची होती आणि माझी पाण्याची.

मग एका सकाळी पाणी भरून झालं आणि सासूबाई भाजी आणायला गेल्या. पाण्याची पितळी गुंड, म्हणजे घागर, घासायची म्हणून मी खड्ड्याच्या काठावर टेकले. पाण्याची धार बारीक होत होत थांबली. पाइपानं एक घरघर केली. नेहमीचंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण तळाच्या पाण्यावर कडुलिंबाचं एक पान तरंगत होतं, ते हलू लागलं. वारा तर नव्हता. पान हळूहळू पाइपाच्या तोंडाकडे गेलं आणि तिथे चिकटलं. मागून साबणाचा फेस निघाला, तोही तिकडेच. खड्ड्यातलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेलं आणि शेवटी तळाला ओला चिखल राहिला. नळ पाणी पीत होता. सगळीकडे उतारावरचे नळ ओढत असतील, लाइन रिकामी होत असेल, आणि आमचा उघडा पाइप मोरीचं, नालीचं पाणी आत घेत होता. उद्या सकाळी तेच पहिल्या धारेनं बाहेर येणार होतं. पहिलं पाणी, ताजं पाणी.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. बाळानं आतून जोरात लाथ मारली तेवढं आठवतं. त्या दिवशी मी सासूबाईंना काही सांगितलं नाही. माझं ऐकून त्यांनी आणखी एक बिबा बांधला असता. संध्याकाळच्या चहानंतर मी पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि रात्रभर जीभ टाळूला चिकटत राहिली. सकाळी पाणी भरून झाल्यावर मी त्यांचा हात धरला आणि त्यांना खड्ड्याशी नेलं.

"इथं बसा अन् पाहा."

"काय पाहू?"

"बसा तं खरं."

धार थांबली. पाइप घरघरला. तळाचं पाणी सरकू लागलं. सासूबाई आधी वाकून पाहत होत्या, मग त्या मटकन पायरीवर बसल्या.

"हे असं रोजच होऊन राहिलं असन काय वं?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघींनीही एकाच वेळी शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. त्या घराची जोडणी त्याच लाइनीवर आमच्या पुढची होती; आमच्या खड्ड्यातलं पाणी त्यांच्याही नळात जात होतं.

सासूबाई उठल्या, आत गेल्या, आणि काठोकाठ भरलेला माठ उचलून त्यांनी अंगणात उपडा केला. नवतप्यात आमच्या गल्लीत लोक चूळसुद्धा झाडाच्या मुळाशी टाकत असत, आणि इथे अख्खा माठ! बघता बघता जमीन कोरडी झाली. रॉकेल संपलेलं होतं, म्हणून त्या चूल पेटवायला बसल्या. पण पाणी उकळणार कधी आणि निवणार कधी? माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. मी भिंतीला टेकले आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडले. मला मरायचं नव्हतं. एवढं साधं होतं ते.

"माह्याजवळ उकळून गार केलेलं हाये," भिंतीपलीकडून आवाज आला.

शेजारची मावशी होती, गेलेल्या सुनेची सासू. तिनं आमचं सगळं ऐकलं असणार. सून गेल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती. भिंतीवर तिचा हात दिसला आणि हातात तांब्या. माझ्या सासूबाई चुलीपुढून उठल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. त्या घरचं तेरावं अजून व्हायचं होतं. सुतकाच्या घरचं पाणी आमच्यात घेत नाहीत. त्यातून पोटुशी गेलेल्या घरचं पोटुशीला द्यायचं, हे तर कुणी स्वप्नातही करणार नाही.

"सुतक हाये, मले मालूम हाये," मावशी म्हणाली. "नाही घेतलं तरी राग नाही. पण पोरीले तहान लागली हाये वं."

सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग तांब्याकडे, मग माझ्या पोटाकडे. माझ्या सासूची भीती अशी उघड मी पहिल्यांदाच पाहत होते आणि त्यानं मला जास्तच धडकी भरली. मग त्या भिंतीशी गेल्या, तांब्या घेतला आणि आधी स्वतःच्या घशात दोन घोट ओतले.

"जे लागायचं ते मले लागू दे," त्या म्हणाल्या आणि तांब्या माझ्या तोंडाला लावला.

पाण्याला धुराचा वास होता. मी तांब्या रिकामा केला.

त्याच दुपारी सासूबाईंनी मुरमानं खड्डा बुजवून घेतला आणि नळ वर घेतला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, म्हातारी येडी झाली, हातचं पाणी घालवलं. आमच्याकडे आता सगळ्यांचं भरून झाल्यावर बारीकशी धार यायची. भांडी कमी पाण्यात घासायची, भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, आंघोळीचं अंगणाला, असं सुरू झालं. सासूबाई दारोदार फिरून खड्डे बुजवा म्हणून सांगत होत्या. दोन-तीन घरांनी ऐकलं, बाकीचे खड्डे उघडेच राहिले. जमिनीखालचा पाइप मात्र सगळ्यांचा एकच होता. त्यामुळे आमच्या चुलीवर रोज पाण्याचं पातेलं चढू लागलं. मावशीचा तांब्याही रोज भिंतीवर यायचाच, आणि मी तोच प्यायची.

माझी भीती गेली असं समजू नका. ही कावीळ प्यायल्याबरोबर दिसत नाही, महिनाभरसुद्धा आत दबून राहते, असं दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं. म्हणजे आता पीत होते ते चांगलं, पण आधी प्यायलेलं माझ्या आत होतंच. जेवण नकोसं वाटलं की मी आरसा शोधायची. लघवी जरा पिवळी झाली की रडायची. नवरा रविवारी यायचा, समजूत काढायचा आणि सोमवारी जायचा. बाळ आत हलायचं तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी मी मनात म्हणायची, हलत राहा बाबा, थांबू नको.

मुलगी झाली. धडधाकट होती. मला दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा बाळंतपणाचा विटाळ आमच्या घरी होता आणि शेजारचं सुतक केव्हाच फिटलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या भिंतीवर हजर. मला तिच्याकडे पाहवत नव्हतं. माझ्या मांडीवर लेकरू होतं, आणि तिच्या घरात वाळत घातलेलं एक दुपटंही नव्हतं.

"मावशी, आता राहू द्या," मी म्हटलं. "आमच्या घरी उकळून राहिलो ना आम्ही. तुम्ही काहून तरास घेता?"

तिनं तांब्या मागे घेतला नाही.

"सकाळी उठली का हात आपसूक चुलीकडं जातात," ती म्हणाली. "तिले दोन-चार दिवसच पाजलं मी उकळून. आधी कोणी सांगितलंच नाही. तू नाही म्हनशील तं मी कोनासाठी उकळू वं?"

मी मुलीला सासूबाईंकडे दिलं, उठून भिंतीशी गेले आणि तांब्या घेतला.