शिडीची कितवी पायरी

आपल्या देशाची आर्थिक आणि सामाजिक धोरणं लोकांपर्यंत किती पोचली हे बघायला एका आंतरराष्ट्रीय संस्थेची दोन माणसं आमच्या जिल्ह्यात येणार होती. त्यातला एक पोट बिघडून दिल्लीतच राहिला. उरलेल्या बाईंना अमरावतीत दुभाषी हवी होती. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून प्राचार्यांनी माझं नाव सुचवलं.

वऱ्हाडी येतं ना, असं त्यांनी विचारलं आणि मी बेधडक हो म्हणाले. खरं तर आमचं घर वकिलांचं. लहानपणी तोंडून ‘मले’ निघालं की आई जेवण थांबवून ‘मला’ म्हणायला लावायची. त्यामुळे माझं वऱ्हाडी भाजीबाजाराच्या पुढे कधी गेलंच नव्हतं.

बाई पन्नाशीच्या, उंच, कुठल्याशा थंड देशातल्या. नांदगाव खंडेश्वरच्या पुढच्या एका गावात आम्ही पोचलो तेव्हा त्यांचं नाक उन्हानं लाल झालं होतं. ज्यांच्या घरी गेलो ते काका अंगणात बाज टाकून तयारच बसले होते. काकू थोड्या मागे सुपात तूर पाखडत होत्या. बाईंनी जाडजूड प्रश्नावली काढली. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं होती, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत, आणि त्यातलं एक निवडायचं होतं.

काकांनी एकही निवडलं नाही. रस्त्याबद्दल विचारलं, ते म्हणाले, जमते. दवाखान्याबद्दल, जमते. रेशन, शाळा, वीज, सगळं जमते. बाईंनी मला विचारलं की हे सहमत आहेत की असहमत. मी म्हटलं, यात तक्रार नाही आणि कौतुकही नाही. त्यांनी मधल्या चौकटीत खूण केली. ओळीनं अकरा खुणा मधल्याच चौकटीत पडल्यावर त्यांनी पेन बदलून पाहिलं.

शेवटचा प्रश्न शिडीचा होता. अशी शिडी समजा, की तिची दहावी पायरी म्हणजे सगळ्यात चांगलं आयुष्य आणि तळ म्हणजे सगळ्यात वाईट. आज तुम्ही कुठे उभे आहात? मी वऱ्हाडीत सांगितलं, पण ‘समजा’ हा शब्द बहुतेक माझ्या तोंडातच राहिला. काका उठले, गोठ्यात गेले आणि बांबूची शिडी आणून त्यांनी भिंतीला टेकवली. बाई खूश झाल्या. त्यांनी शिडीचा फोटो काढला.

“आठ,” काका म्हणाले.

शिडीला पायऱ्या सातच होत्या. मी ते बाईंना सांगितलं नाही.

बाई आठ लिहिणार तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, “तीन.”

सूप थांबलं होतं. काका वळून म्हणाले की मॅडम घरातल्या मोठ्या माणसाले इचारून राहिल्या. काकू म्हणाल्या, म्हणूनच तर मी सांगून राहिली. काय झालं ते मी भाषांतर करण्याआधीच बाईंना कळलं होतं. चौकट एका घराला एकच होती. त्यांनी काकूंना विचारायला सांगितलं, एकाच घरात आठ आणि तीन कसे?

काकूंनी पदरानं हात पुसले. “थे आठव्यावर चढून बसले, काहून का खालून शिडी मी धरून राहिली.”

हे मी शब्दशः सांगितलं. बाई आधी हसल्या, मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. काका शिडी उचलून गोठ्यात ठेवून आले.

मग काकूंनी उलट बाईंनाच विचारलं, तुमी कितव्यावर? बाई म्हणाल्या, सहा. थोडं थांबून म्हणाल्या, पाच. घरी कोण असतं, असं काकूंनी विचारलं. कुणी नाही, बाई म्हणाल्या. आई वृद्धांच्या संस्थेत आणि मुलगा दुसऱ्या देशात.

“बाप्पा, इमानात बसून आली अन् पाचच?” असं म्हणून काकू आत गेल्या आणि ताटात भाकर, झुणका आणि मिरचीचा ठेचा घेऊन आल्या. ठेचा जपून खा, असं मी बजावलं. पण बाईंनी तो लोणच्यासारखा न खाता भाजीसारखा खाल्ला. पुढचा पाऊण तास मूल्यमापन बंद होतं. काकू त्यांना ताक पाजत आणि पाठीवरून हात फिरवत शेजारी बसल्या होत्या. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. मला कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मी नवऱ्याला शिडीचा प्रश्न विचारला. पेपरातून मान वर न करता तो म्हणाला, “नऊ.” त्या दिवशी भांडी त्यानं घासली. का ते त्याला सांगितलं नाही.

अहवाल पुढच्या वर्षी आला. शेकडो पानं, नुसते तक्ते. आमच्या भागाबद्दल त्यात एक वाक्य सापडलं: एकाच कुटुंबातील स्त्री-पुरुषांच्या मूल्यांकनात लक्षणीय तफावत आढळली. मी ते नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि हे कोणत्या देशाबद्दल आहे, असं विचारलं.